आग लागल्यावर जिना उतरू न शकणाऱ्यांना खाली कसं आणायचं? उंच इमारतीतली फायर लिफ्ट आणि सोसायटीचा आराखडा

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत मॉक ड्रिल झालं. सायरन वाजला, पीए सिस्टिमवर घोषणा झाली, लोक जिन्याने उतरले, खाली पोडियमच्या मोकळ्या जागेत हजेरी झाली. एकोणीस मिनिटांत इमारत रिकामी झाल्याची नोंद रजिस्टरमध्ये झाली आणि खाली सह्याही झाल्या. त्या वेळी माझ्या सासूबाई सत्ताविसाव्या मजल्यावर, हॉलमधल्या खुर्चीत, वॉकर पुढ्यात घेऊन बसलेल्या होत्या. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे त्यांना कुणी उतरवलंच नव्हतं. मी वर गेले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "खरी आग असती तर मी काय करायचं होतं गं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे सहा-सात महिने मी लिफ्टच्या टेक्निशियनला, अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांना आणि आमच्या सिक्युरिटी सुपरवायझरला भंडावून सोडलं. त्यातून जो आराखडा तयार झाला तो इथे क्रमाने लिहिते आहे. मुंबई-ठाणे-पुण्यात तीस-चाळीस मजल्यांच्या इमारतीत राहणाऱ्या कुणालाही तो आपल्या इमारतीप्रमाणे बदलून घेता येईल.

आधी पक्कं: साधी लिफ्ट नाहीच

लिफ्टच्या दारावरची "आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये" ही पाटी बरोबर आहे, आणि पुढचं सगळं वाचून झाल्यावरही ती तुमच्या-माझ्यासारख्या चालत्या माणसासाठी बरोबरच राहते. पण तिच्यामागची कारणं माहीत असली पाहिजेत, कारण आराखडा त्यांच्यावरच उभा राहतो.

पहिलं कारण विजेचं. आग लागली की कुणीतरी धावत जाऊन मेन स्विच पाडतो, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. "आमच्या लिफ्टला एआरडी आहे, वीज गेली तरी दार उघडतं," असं पुष्कळ जण सांगतात. एआरडी हे बॅटरीवरचं यंत्र लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडतं, हे खरं. पण तो जवळचा मजला आगीचाच असू शकतो, आणि हे एआरडीला कळत नाही.

दुसरं कारण धूर. लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जाते तो शाफ्ट म्हणजे इमारतीचं धुराडंच. हाँगकाँगच्या गार्ली बिल्डिंगमध्ये २० नोव्हेंबर १९९६ रोजी नेमकं हे घडलं. सोळा मजली इमारत, लिफ्ट बदलण्याचं काम चालू, शाफ्टची दारं काढून ठेवलेली. वेल्डिंगमधून खाली आग लागली आणि ती उघड्या शाफ्टमधून थेट वरच्या मजल्यांवर पोचली. ४१ माणसं गेली. तुमच्याकडे लिफ्ट बदलण्याचं काम निघालं असेल तर प्रत्येक मजल्यावरचं उघडं दार रोज संध्याकाळी पक्कं बंद होतं की नाही, हे कमिटीने स्वतः जाऊन बघावं.

याशिवाय दाट धुराने दाराच्या सेन्सरचा किरण अडतो. लिफ्टला वाटतं दारात कुणी उभं आहे, आणि दार मिटत नाही. होजमधलं पाणी लॉबीतून शाफ्टमध्ये उतरतं, दारांचे कॉन्टॅक्ट भिजतात आणि लिफ्ट जागीच थांबते.

तरीही लिफ्टने माणसं वाचली आहेत

१ फेब्रुवारी १९७४ रोजी ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या जोएल्मा या पंचवीस मजली इमारतीत बाराव्या मजल्यावर एसीमधून आग लागली. इमारतीला जिना एकच, आणि तो लवकरच धुराने भरला. लिफ्ट चालवणाऱ्यांनी जमेल तोवर खेपा केल्या. वाचलेल्यांपैकी सुमारे ३०० जण लिफ्टने खाली आले.

११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पहिल्या टॉवरला विमान धडकल्यापासून दुसऱ्याला धडकेपर्यंत सुमारे सोळा मिनिटं गेली. त्या सोळा मिनिटांत दुसऱ्या, म्हणजे दक्षिण टॉवरमधले पुष्कळ लोक लिफ्टने आणि जिन्याने निघाले. लोकांनी आपणहून वेळेत निघणं आणि लिफ्ट चालू असणं, या दोन गोष्टींमुळे सुमारे ३००० जीव वाचले, असा निष्कर्ष अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने तपासानंतर काढला. दुबईच्या बुर्ज खलिफात तर ठराविक लिफ्ट सुटकेसाठी वापरायच्या हे बांधतानाच ठरलेलं आहे.

या घटनांत मला दिसतं ते हे की लिफ्ट उपयोगी पडली ती सुरुवातीच्या मिनिटांत, शाफ्टमध्ये धूर शिरण्याआधी. साओ पावलोत ती माहीतगार माणसाच्या हातातही होती. आपला आराखडाही तेवढ्याच मिनिटांचा असतो.

तुमच्याकडे कोणती लिफ्ट आहे ते शोधा

तळमजल्यावर जाऊन दारं नीट पाहा. फायर लिफ्ट म्हणजे आगीच्या वेळी अग्निशमन दलाला ताबा घेता येईल अशी लिफ्ट. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे तिच्या दारावर प्रत्येक मजल्यावर "फायर लिफ्ट" असं चमकणाऱ्या रंगात लिहिलेलं असायला हवं. ती किमान आठ माणसांची, म्हणजे साधारण ५४५ किलोंची हवी. तळमजल्यावर तिचा वेगळा इमर्जन्सी स्विच हवा, आणि नेहमीची वीज गेली की दुसरा पुरवठा आपोआप सुरू व्हायला हवा. तळापासून शेवटच्या मजल्यापर्यंत ती एका मिनिटात पोचावी, अशीही अपेक्षा आहे. घड्याळ लावून बघा, पैसे लागत नाहीत.

महाराष्ट्रात ७० मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींसाठी याहून वेगळी, माणसांच्या सुटकेसाठीची "फायर इव्हॅक्युएशन लिफ्ट" सांगितली आहे. ती तुमच्याकडे असेल तर बिल्डरकडून तिची कागदपत्रं आणि चालवण्याचं प्रशिक्षण मागून घ्या. मी पाहिलेल्या एका इमारतीत ती बंद पडून होती आणि तिच्यासमोर जुने गालिचे रचलेले होते.

आता विजेचा प्रश्न. इलेक्ट्रिशियनला नेमकं असं विचारा: "मेन ब्रेकर पाडला तर फायर लिफ्टचा पुरवठा चालू राहतो का, आणि तिची केबल कुठल्या डक्टमधून जाते?" उत्तर तोंडी घेऊ नका, मेन पाडायला लावा आणि बघा. डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, सुरू व्हायला किती सेकंद लागतात तेही लिहून ठेवा.

स्विच चालतो का? स्वतः टाकून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, असं मी म्हणेन. आमच्या फायर लिफ्टशेजारी काचेची छोटी पेटी आहे. रंगाऱ्याने भिंतीबरोबर तिलाही दोन हात मारलेले, त्यामुळे तिचं झाकण भिंतीला चिकटून गेलं होतं. टेक्निशियनने स्क्रू ड्रायव्हरने कडेचा रंग खरवडला, झाकण निघालं, स्विच टाकला. लिफ्ट तेव्हा विसाव्यावर होती. ती निघाली, चौदाव्यावर थांबली, क्रिकेटची बॅट घेतलेल्या एका मुलाला आत घेतलं आणि मग खाली आली.

असं होता कामा नये. स्विच टाकला की लिफ्टने बाहेरच्या सगळ्या बटणांकडे दुर्लक्ष करून, वाटेत कुठेही न थांबता, तळमजल्यावर येऊन दार उघडं ठेवून उभं राहायला हवं. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी कंट्रोलरचं कार्ड बदललं होतं, तेव्हा हे वागणं, म्हणजे फायरमन मोड, चालू करायचा राहून गेला होता. दर महिन्याच्या सर्व्हिस रिपोर्टवर मात्र "सर्व ठीक" होतं.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ च्या रात्री अग्निशमन दलाच्या जवानांनी लिफ्टचा ताबा घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांना तो घेता आला नाही. त्या आगीत ७२ जण मरण पावले. अपंगत्व असलेल्या रहिवाशांपैकी पुष्कळ जण त्यांत होते. आमच्या स्विचचा दोष सापडल्यापासून आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी स्विच टाकतो. दहा मिनिटांचं काम आहे. चावी लागत असेल तर ती पेटीशेजारीच हवी, सेक्रेटरींच्या घरच्या कपाटात नको.

स्विच टाकल्यानंतर आतलं वागणंही शिकावं लागतं. बहुतेक लिफ्टमध्ये या मोडवर दार आपोआप उघडत नाही. "दार उघडा" हे बटण दाबून धरावं लागतं, आणि दार पूर्ण उघडण्याआधी बोट उचललं की ते परत मिटतं. ही युक्ती मुद्दाम केलेली आहे. चालवणाऱ्याने बोट दाबून दार चार बोटं उघडायचं, फटीतून वास घ्यायचा, धूर दिसला की बोट उचलायचं. आमच्या सुपरवायझरने हे वीसेक वेळा करून पाहिलं तेव्हा त्याच्या हाताला ते बसलं. तुमच्या लिफ्टचं वागणं थोडं वेगळं असू शकतं, कंपनीच्या माणसाकडून ते करून घ्या.

यादी करा, पण प्रेमाने करा

कुणाला जिना उतरता येत नाही? आम्ही नोटीस लावली तेव्हा दोनच नावं आली. घरोघर गेलो तेव्हा सतरा निघाली. कुणालाच आपण परावलंबी आहोत असं लिहून द्यायला आवडत नाही. त्यामुळे "तुम्हाला चालता येतं का?" असं विचारू नका. "दहा मजले न थांबता उतरता येतील का?" असं विचारा. हृदयरोग, दमा, पायाला प्लॅस्टर, नुकतंच बाळंतपण, घरी ऑक्सिजन, हे सगळं मग आपोआप समोर येतं. ऐकू न येणाऱ्यांना पीए सिस्टिमचा उपयोग नसतो, त्यांचं दार वाजवायला कोण जाणार ते ठरवावं लागतं.

प्रत्येक नावापुढे मजला, घराची जास्तीची किल्ली कुठे असते, दुपारी सोबत कोण असतं, खुर्चीवर उचलता येईल का, आणि जवळचे दोन शेजारी, एवढं लिहा. यादीच्या दोनच प्रती, एक सिक्युरिटी केबिनमध्ये बंद पाकिटात आणि एक कमिटीकडे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती टाकू नका. कोण म्हातारं माणूस दुपारी एकटं असतं, ही माहिती भलत्याच्या हाती जाता कामा नये.

आता हिशेब मांडा

माझ्या मते लोक इथेच चुकतात. आमच्या फायर लिफ्टला शंभर मीटर वर जायला जवळजवळ मिनिट लागतं, खाली यायला तेवढंच. दार जपून उघडणं, व्हीलचेअर आत घेणं, खाली बाहेर काढणं यात आणखी मिनिटभर. म्हणजे एक खेप तीन मिनिटांची. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये एक व्हीलचेअर आली की सोबत दोन-तीन माणसंच मावतात. वीस मिनिटांत सहा-सात खेपा झाल्या, तर वीस-पंचवीस माणसंच खाली येतील.

त्यामुळे चालू शकणाऱ्या एकाही माणसाने तिच्यात जागा अडवायची नाही. सोबतीला घरातलं एकच माणूस. बॅगा नाहीत. हे ऐकून आमच्याकडे वाद झाला, पण आकडे फळ्यावर मांडल्यावर तो मिटला.

थांबायची जागा

लिफ्ट येईपर्यंत माणूस कुठे थांबणार? सगळ्यात चांगली जागा रिफ्यूज एरिया. उंच इमारतींत ठराविक मजल्यांवर एका बाजूने उघडी असलेली ती जागा याचसाठी ठेवलेली असते. पण पुष्कळ ठिकाणी तिला कुलूप असतं, नाहीतर तिथे सायकली, कुंड्या आणि लग्नाच्या मांडवाचं सामान असतं. ते आधी काढा. फायर लिफ्ट त्या मजल्यावर थांबते का, आणि लिफ्टपासून तिथपर्यंत व्हीलचेअर उंबऱ्याला न अडखळता जाते का, हे चाक फिरवूनच पाहा.

रिफ्यूज दूर असेल तर फायर डोअरच्या आतली जिन्याची चौकी. तिथे एका कडेला खुर्ची ठेवायची, म्हणजे उतरणाऱ्यांची वाट अडत नाही. ते फायर डोअर आपोआप मिटलं पाहिजे. विटेचा तुकडा लावून उघडं ठेवलेलं दार दिसलं की वीट उचला आणि बिघडलेला डोअर क्लोजर त्याच आठवड्यात बदलून घ्या.

घरांमधून इथपर्यंत आणायला प्रत्येक मजल्यावर दोन-तीन शेजारी ठरलेले हवेत. हात असलेली भक्कम खुर्ची किंवा चौपदरी सतरंजी चालते. परवडत असेल तर जिन्यावरून घसरवत उतरवायची इव्हॅक्युएशन चेअर घ्या, आम्ही दोन घेतल्या.

लिफ्ट कोण चालवणार, आणि केव्हा चालवायचीच नाही

प्रत्येक पाळीत दोन माणसं शिकलेली हवीत. एक लिफ्टमध्ये, एक तळमजल्यावर स्विचपाशी, दोघांकडे वॉकीटॉकी. अग्निशमन दल येईपर्यंतच्या वेळात त्यांनी काय करायचं, हे तुमच्या भागातल्या अग्निशमन केंद्रात जाऊन, तिथल्या अधिकाऱ्यांना इमारत दाखवून ठरवा आणि लिहून घ्या. ते "थांबा, आम्ही येऊ" म्हणाले तर तोच तुमचा आराखडा.

आमच्यासाठी ठरलेले नियम असे आहेत. आग नेमकी कुठे आहे हे कळल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही. आग विजेच्या डक्टमध्ये, बेसमेंटमध्ये, डीजीजवळ, लिफ्टच्या मशिनरूममध्ये किंवा शाफ्टजवळ असेल, तर लिफ्ट बंद. आगीच्या मजल्यावर ती न्यायचीच नाही. तिथल्या माणसाला शेजाऱ्यांनी खुर्चीवरून जिन्याने दोन मजले खाली आणायचं आणि मग लिफ्टने पुढे. आगीच्या वर अडकलेल्यांसाठी लिफ्टला पेटलेल्या मजल्याच्या पुढे जावं लागतं. ती जोखीम आमची माणसं घेत नाहीत, ते काम प्रशिक्षित जवानांचं. तोवर वरच्यांनी रिफ्यूजमध्ये थांबायचं. शाफ्टमध्ये किंवा लिफ्टच्या आत धुराचा जरासा वास आला तरी खेपा थांबल्या. आणि दलाची गाडी गेटमध्ये शिरली की लिफ्ट तळमजल्यावर, दार उघडं, ताबा त्यांच्याकडे. मुंबई अग्निशमन दलाची सगळ्यात उंच शिडी ९० मीटरची आहे. त्यावरच्या मजल्यांवर जायला त्यांनाही हीच लिफ्ट लागते.

प्रत्यक्ष त्या वेळी, घरात

जिना उतरता न येणारं माणूस घरात असेल तर १०१ ला फोन करून इमारत, विंग, मजला, फ्लॅट आणि "खुर्चीवरचं माणूस आहे" हे स्पष्ट सांगा. मग सिक्युरिटीला फोन. घराचं दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने ते गरम आहे का बघा. लॉबीत धूर नसेल तर शेजाऱ्यांच्या मदतीने ठरलेल्या जागी जा, मागे दार ओढून घ्या.

लॉबीत धूर असेल तर बाहेर पडू नका. दाराच्या फटीला ओले टॉवेल, एसी बंद, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत जाऊन दार मिटून बसा. खिडकीतून कापड हलवा, फोन चालू ठेवा. चार भिंतींच्या आड मिटलेल्या दारामागे मिळणारा वेळ धुरातल्या लॉबीतून पळण्यापेक्षा पुष्कळदा जास्त असतो. सासूबाईंच्या उशाशी आता शिट्टी, टॉर्च आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेले चार नंबर असतात.

ड्रिल, कागद आणि नंतर

ड्रिल सहा महिन्यांनी एकदा तरी घ्या. एप्रिलमधलं १४ तारखेचं आमचं ठरलेलं असतं. १९४४ साली मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात मृत्युमुखी पडलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर पाळला जातो. एक ड्रिल दुपारी तीन वाजता घ्या, जेव्हा तरुण मंडळी ऑफिसात असतात. उचलायला ठरलेली आमची सगळी माणसं दिवसा घरी नसतात, हे आम्हाला तेव्हाच कळलं, आणि यादीत दुपारसाठी वेगळी नावं घालावी लागली. एक ड्रिल मेन पाडून, डीजीवर घ्या.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये आगीची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. त्या तपासणीच्या दिवशी एजन्सीच्या माणसाबरोबर कमिटीतल्या कुणीतरी हिंडावं आणि फायर लिफ्टचा स्विच त्याच्यासमोर टाकायला लावावा. लिफ्टच्या वार्षिक देखभाल करारातही (एएमसी) "फायरमन मोडची चाचणी" अशी वेगळी ओळ लिहून घ्या.

आग विझल्यावर लगेच लिफ्ट सुरू करण्याची घाई होते, खाली शंभर माणसं थकून उभी असतात. तरीही थांबा. शाफ्टच्या तळाशी पिटमध्ये पाणी साचलंय का, दारांचे कॉन्टॅक्ट आणि केबल भिजल्यात का, हे लिफ्ट कंपनीने तपासून लेखी दिल्याशिवाय कुणाला आत सोडू नका. तोवर पोडियमवर यादी हातात घेऊन प्रत्येक नाव समोरच्या माणसाशी पडताळा. कुणीतरी "हो हो, आले सगळे" म्हणालं म्हणून खूण करू नका.

या एप्रिलच्या ड्रिलला आमच्या यादीत सतरा नावं होती. दुसऱ्या खेपेत सासूबाई आल्या, सत्ताविसाव्यावरच्या त्यांच्या खुर्चीपासून पोडियमपर्यंत अकरा मिनिटं. त्यातली सहा लिफ्टची वाट बघण्यात गेली होती. रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढे त्यांनी स्वतः सही केली.